नवीन काही नाही

माझा राग कायम नाकावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या सकाळी आत्याने मला तो मुकाट गिळायला लावला.

बाजारामागच्या गल्लीत, वजनकाट्याच्या जुन्या खोलीत आत्याचं दुरुस्तीचं टेबल आहे. खोली पालिकेची. अशा खोल्या यापुढे गावात काहीतरी नवीन करणाऱ्यांनाच द्यायच्या, असं पालिकेने ठरवलं होतं. आमची खोली राहते की जाते, हे बघायला पालिकेच्या मॅडम आल्या. मी आत्याकडून उत्तरं अगदी घोकून घेतली होती.

मॅडमनी विचारलं, "इथे नवीन काय आहे?"

आत्याचा चेहराच उतरला. दुरुस्तीवाल्याला हे विचारणं म्हणजे त्याच्यावर चोरीचा आळ घेणं. गिऱ्हाइकाची वस्तू नीट करायची सोडून तिचा चांगला जुना भाग गुपचूप काढून घेतला आणि नवा चिकटवला, असा त्याचा अर्थ.

"नवीन काही नाही," ती ठामपणे म्हणाली. "शपथेवर सांगते. सगळं जुनंच आहे. हवं तर उघडून बघा."

मी कपाळावर हात मारला. आता मलाच तोंड उघडणं भाग होतं. मी मॅडमना सांगितलं की पूर्वी बॅगेचं कुलूप अडकलं आणि अस्तरही फाटलं, की लोक या दुकानातून त्या दुकानात हिंडायचे, कंटाळायचे आणि सरळ बॅग फेकून द्यायचे. कुलपं दुरुस्त करणारे माझे बाबा दुकानात माशा मारत बसायचे. शिवणकाम करणारा काका गाव सोडून नोकरी धरायच्या बेतात होता. मग आत्याने ही खोली मागून घेतली, दारात टेबल टाकलं आणि सांगायला लागली, काय मोडलंय ते इथे ठेवा, कोणाकडे न्यायचं ते आम्ही बघतो. बाबा आणि काका आपापली हत्यारं घेऊन इथेच येऊन बसले. छत्रीवाल्याचं बंद शटरसुद्धा या कामानेच उघडलं.

एक गोष्ट मी सांगितली नाही. आजोबांचं दुकान वाटून घेताना या दोघा भावांचं एका कपाटावरून वाजलं, तेव्हापासून अबोला. इथे कोपराला कोपर लागेल इतके जवळ बसतात, पण बोलणार आत्यामार्फत. बाबा म्हणणार, त्या शहाण्याला सांग, कुलूप बसल्याशिवाय अस्तराला हात लावू नको म्हणावं. आत्या सांगणार, "दादा म्हणतोय, तुझ्या सवडीने कर, कुलूप होतंच आहे." काकाने उलट काही सुनावलं तर तेही ती असंच साखर घालून बाबांना पोचवणार. या एका खोटेपणासाठी माझा तिच्यावर फार जीव आहे. खोली गेली असती तर दोघंही आपापल्या बिळात परत गेले असते, आणि हे असलं तिरपागडं बोलणंही संपलं असतं. माझा जीव त्यासाठी टांगणीला लागला होता.

मॅडम शांतपणे ऐकत होत्या. तेवढ्यात बाबांनी सवयीने आत्याला एक निरोप दिला, आत्याने तो गोड करून काकाला दिला, आणि मॅडम हसल्या. नवीन म्हटलं की आम्ही यंत्रच शोधत फिरतो, त्या म्हणाल्या, पण इथल्या लोकांना इथेच काम मिळालं हेही नवीनच की. मला हायसं वाटलं. पण त्यांनी पुढे विचारलंच.

"सगळं तुमच्या हातून जातं, ताई. उद्या तुम्ही आजारी पडलात तर हे कसं चालणार?"

याचं उत्तर मी आत्याला शिकवलं नव्हतं. बाबांनी हातातल्या कुलपात पुन्हा किल्ली घातली. मॅडमनी पर्स खांद्याला लावली.

काकाचं मशीन थांबलं. मान वर न करता तो म्हणाला, "दादा आहे ना."

आत्या बिचारी सवयीने बाबांकडे वळली. "दादा, तो म्हणतोय..."

"ऐकलं मी," बाबा म्हणाले.

आत्याने पदर डोळ्यांना लावला, आणि खरं सांगायचं तर मीही रडले. खोली तुमच्याकडेच राहील, असं मॅडम त्यानंतर म्हणाल्या म्हणे. मला ते धड ऐकूच आलं नाही, कारण बाबा काकाला विचारत होते, या बॅगेला अस्तर कुठल्या रंगाचं लावतोस.