निळ्यात पाणी

काकांचा प्रिंटर म्हणजे आपली सवत आहे, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगत. आणि खोटं काय त्यात? सकाळी उठल्यावर काका आधी त्याच्यापाशी जात, मग चहापाशी, आणि बायकोचा नंबर त्यानंतर.

प्रिंटर होता साधा रंगीत फोटो छापणारा. पण काकांनी रंगांना केव्हाच घराबाहेर काढलं होतं. उभा जन्म काळे-पांढरे फोटो काढलेला माणूस तो, स्टुडिओ बंद केला तरी खोड जाते थोडीच! त्यांनी रंगांच्या जागी नुसता काळा भरला: एका खणात दाट काळा, दुसऱ्यात त्याहून फिका, तिसऱ्यात करडा, चौथ्यात अगदी धुरकट. फिका करायला त्यात एक बिनरंगी द्रव घालावा लागे. घरात सगळे त्याला पाणी म्हणत आणि काका दरवेळी चिडत, "अगं, पाणी नाही ते! पाणी घातलं तर शाई फाटेल."

आता ही काळी शाई काजळीची. काजळी जात्याच थोडी तांबूस, त्यामुळे फोटो तपकिरीकडे झुकतो. त्यावर उतारा म्हणून करड्यात निळ्याचे थेंब घालायचे. किती घालायचे, ते मोजून नाही, तर डोळ्यांनी ठरवायचं. काका नमुन्याची छापलेली पट्टी खिडकीपाशी धरून बघत आणि म्हणत, "अजून एक."

या शायांची आणखी एक तऱ्हा होती. दोन दिवस हलवल्या नाहीत की गाळ तळाशी बसतो, नळ्या तुंबतात आणि फोटोवर पट्टे उमटतात. म्हणून रोज बाटल्या हलवायच्या. हे काम काकूंचं. काकांचे हात कापत, काकूंचे नाही.

काम जोरात चाललं होतं. वाचनालयाच्या नव्या दालनात गावातल्या जुन्या माणसांचे मोठे फोटो लावायचे होते आणि ते काकांकडे आले होते. शिंपी, सुईण, फाटकवाला, निवृत्त पोस्टमन. काका दहा वर्षांनी तरुण झाले होते. पोस्टमन आपला फोटो बघायला आला, तेव्हा काका आत चष्मा शोधत होते. त्याने फोटो पाहिला आणि काकूंच्या कानाशी येऊन म्हणाला, "वहिनी, मी बुडून मेल्यासारखा का दिसतोय हो?"

काकूंनी पाहिलं. खरंच की! चेहरा निळा, ओठ निळे, पांढऱ्या मिश्यासुद्धा निळसर. तेवढ्यात काका बाहेर आले आणि म्हणाले, "कसा उतरलाय बघ! अस्सल करडा!"

काकूंच्या लगेच लक्षात आलं. दोष शाईत नव्हता, काकांच्या डोळ्यांत होता. मोतीबिंदू पिकत चालला की सगळं पिवळट दिसतं, हे काकूंना ठाऊक होतं. काकांना जिथे तिथे तपकिरी दिसत होतं आणि ते बिचारे निळा ओतत सुटले होते. पण सांगणार कोण? काकांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता. तेव्हापासून घरात डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती. एकदा काकू नुसत्या "डोळे दाखवून येऊ या का?" म्हणाल्या, तर माणूस दोन दिवस जेवताना बोलला नाही.

मग काकूंनी काय करावं? बाटल्या हलवता हलवता एक दिवस त्यांनी निळा थोडा काढून टाकला आणि त्या जागी ते 'पाणी' भरलं. दुसऱ्या आठवड्यात अजून थोडं. काका थेंबावर थेंब घालून शेवटी कंटाळून थांबत, पण थेंबात दमच नव्हता. फोटो पुन्हा माणसांसारखे दिसू लागले. वाचनालयवाले खूश, म्हणून काकाही खूश. काकूंनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

पण असली हुशारी फार दिवस पचत नाही. एवढं पाणी पोटात गेल्यावर करडा बिचारा करणार काय? तो फिका पडला. चेहऱ्यांवरचे खळगे, सुरकुत्या, गालांची गोलाई सगळं सपाट होऊ लागलं. सुईणीचा फोटो छापला तर ती पिठात बुडवल्यासारखी दिसत होती. आणि हे मात्र काकांना दिसलं! त्यांनी निळ्याचा एक थेंब टिपकागदावर टाकला, तो पसरला आणि जवळजवळ नाहीसाच झाला.

"पाणी!" काका ओरडले. "दौतीने मला पाणी घातलेली शाई विकली!"

दौत म्हणजे त्यांचा शाईवाला मित्र. शाळेत एकाच बाकावर बसत, तेव्हापासून त्याचं नाव दौत. शाया तोच बनवायचा आणि रविवारी स्वतः घेऊन यायचा. बाटल्या द्यायला पाच मिनिटं आणि गप्पांना अख्खी दुपार. काकांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"खरं सांग, निळ्यात पाणी घातलंस की नाही?"

पलीकडून काही आवाजच येईना. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हातात ओलं फडकं. त्यांना वाटलं, आता दौत उसळणार, शिव्या घालणार. पण दौत गप्पच राहिला.

"ऐकलंस?" फोन ठेवून काका म्हणाले. "चकार शब्द नाही! चोराच्या मनात चांदणं! एवढ्या वर्षांची दोस्ती आणि मला फसवलं. पुन्हा उंबरा चढू देणार नाही त्याला." मग खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी वाचनालयाला कळवतो. उरलेले फोटो दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून. मला नाही जमायचं आता."

काकूंना त्या दुपारी जेवण गेलं नाही. दोस्ती तुटली ती तुटली, वर हातातलं कामही गेलं! आणि हे सगळं कुणामुळे? संध्याकाळी भाजी आणायला जाते म्हणून त्या निघाल्या, त्या थेट दौतीच्या दुकानात.

दुकान कसलं, बाटल्यांनी भरलेली एक लांबट खोली. दौत बाकावर बसून नुसताच झाकणं पुसत होता.

काकूंनी आल्या आल्या वेड्यावाकड्या शब्दांत सगळं सांगून टाकलं. "भावजी, पाणी मी घातलं हो. तुम्ही का गप्प बसलात? सरळ सांगायचं ना, मी नाही घातलं म्हणून!"

दौतीने मान वर केली. "कसं सांगू, वहिनी? मीही घातलं होतं."

"म्हणजे?"

"हे वाचनालयाचं काम सुरू झालं तेव्हाच मला फाटकवाल्याचा फोटो दाखवायला घेऊन आला होता. इतक्या कौतुकाने! मी बघितलं, तर माणूस निळाशार. म्हटलं, लेका, वय झालं, डोळे तपासून घे. तर माझ्यावरच उखडला. मग काय करणार? निळा पातळ करून द्यायला लागलो. आधी फरक पडेना, मग फोटो निळे यायचे थांबले, मला वाटलं माझंच पाणी लागू पडलं!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग काकूंना हसू फुटलं, दौतीला फुटलं, आणि डोळ्यांतून पाणी येईतो दोघं हसली. हसून झाल्यावर मात्र दोघांनाही वाईट वाटलं. एका माणसाला दोन बाजूंनी लबाडी करून सांभाळलं, आणि शेवटी तोच एकटा पडला होता.

"चला," दौत म्हणाला. "सोबत अस्सल निळ्याची बाटली घेतो."

काका खिडकीपाशी बसले होते. प्रिंटरवर कापड टाकलं होतं. दौतीला बघून ते उठले, पण काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. पोस्टमन काय म्हणाला, तेही.

काका ऐकत राहिले. मग कपाटातून पोस्टमनचा तो पहिला फोटो काढून खिडकीशी नेला आणि एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. उजव्या डोळ्याला तो करडा दिसला. डावा जरा बरा होता, त्याला किंचित निळा. फोटो त्यांनी उलटा करून खाली ठेवला.

"मग वाचनालयाने उचलले ते सगळे चेहरे..." त्यांनी विचारलं. "ते केले कोणी? मी, की तुम्ही दोघांनी?"

"तुम्हीच," काकू घाईने म्हणाल्या.

"आता तरी खोटं बोलू नकोस गं."

दौत जमिनीकडे बघत राहिला. मग काका म्हणाले, "तुम्ही मला आंधळा समजलात, त्याचं वाईट नाही वाटत. आंधळा आहेच मी. पण मी ऐकून घेणार नाही असं समजलात ना, ते लागलं." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "आणि तेही खरंच होतं म्हणा. मी कुठे ऐकून घेतलं!"

"भीती वाटते?" काकूंनी विचारलं.

"फार," काका म्हणाले. "दादा त्या डोळ्याने परत कधी बघू शकला नाही. माझ्यापाशी डोळ्यांशिवाय आहे काय?"

काकू त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांचा हात धरून ठेवला. दौतीने न विचारता चहा टाकला, तोही बिनसाखरेचा झाला आणि कुणी तक्रार केली नाही.

चहा संपल्यावर काकांनी कापड काढलं. पाणचट करडा ओतून दिला, नवा कालवला, त्यात दौतीचा अस्सल निळा आपल्या अंदाजाने घातला आणि सुईणीचा चेहरा पुन्हा छापला. कागद प्रिंटरमधून हळूहळू बाहेर आला. त्यांनी तो स्वतः पाहिलाच नाही, काकूंपुढे धरला.

"कसा आहे?"

काकूंच्या तोंडातून सवयीने 'छान' निघणार होतं. त्यांनी ते गिळलं. फोटो खिडकीशी नेला आणि नीट पाहिला.

"निळा आहे," त्या म्हणाल्या.

"किती?"

"खूप, अहो. खूपच निळा आहे."

काकांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. "बरं," ते म्हणाले. "उद्या डॉक्टरकडे जाऊ."