पाच घरची दाळ

"डॉक्टरसाहेब, आमची बिजली गाभण आहे का नुसतीच लठ्ठ?"

रत्नमालेने विचारलं आणि पांढुर्ण्याच्या पशुदवाखान्याचं अख्खं आवार तिच्याकडे वळून पाहू लागलं. आपल्या बैलाचा कासरा धरून उभे असलेले कवडूकाका आधी खाकरले आणि मग न राहवून हसले. तारेच्या कुंपणापलीकडे तिच्या वर्गातल्या पुष्पा आणि कुंदा वह्यांमागे तोंडं लपवून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. "माइकवर लई बोलतं ना वो? मग चार मानसांत गाभन शब्द बोलून दाखव." जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात नववीच्या रत्नमालेने वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मारलं होतं, आणि तेव्हापासून कुठेही माणसं गप्प झाली की ती आपल्याच बोलण्याची वाट पाहताहेत असं तिला वाटायचं.

बिजली घोडीची दोरी धरलेले तिचे बाबा, सुखदेव, मात्र जमिनीत शिरायला जागा शोधत होते.

डॉक्टर जबलपूरकडचे, दोन वर्षांत मराठी शिकलेले. ते हसले नाहीत.

"सवाल बरोबर आहे. इकडे ये. हिच्या फासळ्या मोज."

रत्नमालेने बिजलीच्या पांढऱ्या कुशीवरून हात फिरवला. एकही फासळी लागेना.

"आता मानेवर."

आयाळीखाली मान घट्ट लागली, दाबून भरलेल्या उशीसारखी.

"हे मांस नाही, चरबी. गाभण-बिभण काही नाही. आता खूर बघ."

पुढच्या दोन्ही खुरांवर आडव्या वळ्या पडल्या होत्या, पूर ओसरल्यावर नदीकाठी राहतात तशा. खुराला हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा ऊन लागला.

"अशी तट्टं हवा खाऊनसुद्धा फुगतात," डॉक्टर सुखदेवला म्हणाले. "तुम्ही इंजिनात कोळशावर कोळसा टाकून राहिले, पण तेलाचा थेंब नाही. पोट भरलेलं आहे, हाडं उपाशी आहेत. चणा बंद, गूळ बंद, हिरवा घास बंद. सुका चारा, तोही भिजवून, मोजून. आणि चारा कमी केला की त्यातले क्षार, जीवनसत्त्वंही कमी होणार, म्हणून ही भुकटी. रोज अर्धी मूठ, ओल्या कोंड्यात. कोंडासुद्धा मूठभरच."

"आणि नाही ऐकलं तर?" रत्नमालेने विचारलं. हा प्रश्न पैजेतला नव्हता.

"तर एक दिवस खुराच्या आतलं हाड कलेल. मग ही उभी राहणार नाही, बेटी."

जाम नदीचा पूल ओलांडून ते सावरगावात शिरले. घराच्या कवाडापाशी सुखदेवने तोंड उघडलं.

"पोरीच्या जातीनं असं विचाराव काय वो चार लोकाइत?"

"मग कोन विचारन? तुमी त शिंगराचं नाव ठेवून बसले होते!"

आई, शांताबाई, उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने सुपात खाली मान घातली, पण तिचे खांदे हसताना हलले ते दोघांनाही दिसलं.

बिजलीचं नाव बिजली आणि चाल मालगाडीची, असं सगळं सावरगाव म्हणायचं. सहा वर्षांपूर्वी सौसरच्या एका टांगेवाल्याने टांगा मोडला तेव्हा सुखदेवने तिला आणलं. तेव्हा ती इतकी रोड होती की फासळ्यांवर पाढे म्हणावेत. सुखदेव वर्षभर संत्र्याच्या बगीच्यांत पेट्या भरायचा, पण लग्नसराई आली की बिजलीवर नवरदेव बसवून, डोक्याला फेटा बांधून तिच्या पुढे चालायचा, आणि ते दोन महिने त्याची पाठ ताठ असायची.

रत्नमालेने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली एक कागद चिकटवला. चारा किती, पाणी किती, भुकटी किती. शाळा सकाळची होती, दुपारभर ती बिजलीपाशीच असायची. ओल्या गोणपाटाने खुरं गार करायची, कडबा भिजवायची. भुकटीचं काम बाबांनी आपणहून पहाटेचं मागून घेतलं होतं. पिशवी रोज थोडी थोडी खाली जात होती. पण पंधरा दिवस झाले तरी मान तशीच घट्ट, खूर तसेच ऊन. बिजली आता पुढच्या पायांवरचा भार काढून मागे रेलून उभी राहू लागली होती.

सोळाव्या दिवशी रत्नमाला मुद्दाम लवकर उठली.

गोठ्यात सुखदेव उकिडवा बसला होता. समोर परातीत चण्याचं पीठ, किसलेला गूळ आणि वर भुरभुरलेली भुकटी. त्याने चार लाडू वळले होते, लिंबाएवढे नाही, संत्र्याएवढे. बिजली त्याच्या खांद्यावर ओठ घासत होती.

"हे काय होय बाबा?"

सुखदेव दचकला. मग म्हणाला, "भुकटीच देऊन राहिलो ना. नुसत्या कोंड्यात खात नाई ते. नाक मुरडते. गुळात कशी मटकन खाते, पाह्यतं?"

"रोज?"

"रोज. एक दिवस खाडा नाई पडू देल्ला."

हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की रत्नमालेच्या डोक्यात सण्णकन गेलं. तिने परातीतला लाडू उचलला आणि भिंतीवर फेकून मारला. शेण सारवलेल्या भिंतीला तो चिकटला आणि सावकाश घसरला. बिजलीने मान लांब केली.

"आग विझवायले पानी आनलं तुमी, बाबा, पन घासलेटच्या डब्यात! मारून टाकसान तिले! आपल्या हातानं!"

"आवाज खाली कर."

"नाई करत!"

"रत्ने!" सुखदेव उभा राहिला. "तुले काय मालूम? माह्या मोठ्या भावाच्या लग्नात आमाले कोनं घोडी नाई देल्ली. बाहीरगावची भाड्यानं आनली, त शिवेवर अडवून भावाले खाली उतरवलं. मी नऊ वर्साचा होतो. नवरदेव पायी गेला, घोडी रिकामी मांगं मांगं. तवाच ठरवलं होतं का माह्या दारात घोडी असन. आज तेच लोक माह्या घोडीची वाट पाह्यतात. वरात निंगायच्या आधी पाच घरच्या पाच बाया ताटं घेऊन येतात, भिजोली दाळ, गूळ. घोडीनं खाल्लं त लग्न साजरं. दुबळी घोडी घेऊन जाऊ? खात नाई म्हनू त्याइले?"

"हे बांधून न्या." रत्नमालेने शाळेसाठी खांद्याला अडकवलेल्या दप्तरातून दोरीचं मुसकं काढलं. डवरणीच्या वेळी पिकाला तोंड लावू नये म्हणून बैलाच्या तोंडाला बांधतात, ते. वरातीतल्या ताटांसाठीच तिने ते कालच कवडूकाकांकडून मागून आणलं होतं.

सुखदेवने ते मुसकं बाजूला सारलं.

"लग्नाच्या घोडीले मुसकं? थुंकतीन लोक. त्याइचा मान असते तो, पोरी. मले च्या पेल्याबिगर सोडत नाईत कोनी." मग त्याचा आवाज उतरला. "गुरवारी तिगावाच्या पलीकडं वरात हाय. चाल माह्यासंगं. आपल्या डोयानं पाह्य, कसा मान देतात ते."

"येतो ना!" रत्नमाला म्हणाली. "मीच सांगतो त्याइले."

गुरुवारी सकाळी शाळा बुडवून निघताना तिने तोंडात वाक्य घोळवून ठेवलं होतं, स्पर्धेतल्यासारखं. मुसकं दप्तरात होतं.

लग्नघर मोठं होतं. ओसरीवर पितळी समया, अंगणात मांडव. नवरदेव मारुतीच्या देवळात जाऊन यायचा होता. बिजलीच्या पाठीवर जरीची झूल चढली, कपाळावर गोंडे आले आणि पहिलं ताट घेऊन नवरदेवाची सासरहून आलेली बहीण पुढे आली. रत्नमालेने घसा साफ केला.

"ताई, हिचे पाय दुखतात. डॉक्टरांनी दाळ-गूळ बंद केला आहे. ताट कपाळाला लावा आणि परत न्या, मान पोचला."

बहिणीने ताट तसंच पुढे धरलं. मग एक म्हातारी खळखळून हसली.

"अवं माय! घोडीले बी पथ्य हाय म्हने!"

मांडवभर हशा पिकला. त्या हसण्यात सुखदेवही हसला. "लेकरू हाय. शाळा शिकते. खाऊ द्या बाई, खाऊ द्या."

बिजलीने ताट चाटून पुसून लख्ख केलं. मग दुसरं. तिसरं. रत्नमाला प्रत्येक ताटाला मूठ आवळत होती. चौथ्या ताटाला बिजलीने उजवा पाय उचलून जरा हवेत धरला आणि टेकवला, पुन्हा उचलला. नवरदेवाची बहीण टाळी पिटून म्हणाली, "पहा, नाचून राहिली!"

पाचवं ताट घरच्या मालकिणीचं. ठसठशीत कुंकू, हिरवं लुगडं. तिने करंड्यात बोट बुडवून बिजलीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओंजळीत दाळ घेऊन स्वतःच्या हाताने भरवली आणि तिच्या लाळेने ओले झालेले हात हसत हसत आपल्याच पदराला पुसले.

रत्नमाला आता ओरडणारच होती. शब्द जिभेवर आले होते.

तेवढ्यात मालकीण म्हणाली, "सुखदेवा, च्या घे रे."

सुखदेव मांडवातून निघाला. ओसरीकडे नाही, मागच्या गोठ्याकडे. दोरी रत्नमालेच्या हातात होती, तिला तिथूनच दिसत होतं. गोठ्याच्या वळचणीत हात घालून त्याने एक कप काढला, कान तुटलेला. हौदावर विसळला, धरला. किटली घेऊन मागे आलेल्या मालकिणीने हातभर उंचावरून चहा ओतला. दोन थेंब त्याच्या अंगठ्यावर पडले, त्याने हात हलवला नाही. मातीत बसून तो चहा प्याला. मग त्याने कप धुतला आणि पुन्हा वळचणीत ठेवला, पालथा, डाव्या बाजूच्या वाशापाशी. कुठे ठेवायचा ते त्याला कोणाला विचारावं लागलं नाही.

तो परत आला तेव्हा मिशीला चहा लागला होता.

"पाह्यलं ना?" त्याने हळूच विचारलं. "मालकिनीनं सोता देल्ला."

रत्नमालेने मान हलवली. तिने दोरी त्याच्या हातात दिली. वाजंत्री सुरू झाली. नवरदेव चढला. देवळापर्यंतच्या वाटेवर तिने बिजलीचा एकेक पाय पडताना पाहिला आणि एकदाही बाबांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

परतताना बिजली चार ठिकाणी थांबली. सुखदेवने एकदाही तिला हाकललं नाही. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा त्याने आपला फेटा सोडला, ओढ्यात भिजवला आणि तिच्या खुरांना गुंडाळला.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. शांताबाईने काही न विचारता न्हाणीतलं पाणी आणि माती कालवून गोठ्यात चिखल केला. तिघांनी मिळून बिजलीला त्यात उभं केलं. ती थरथरत होती, पण उभी होती. सुखदेव तिच्या पायाशी बसून खुरावर चिखल थापत राहिला.

"उद्या डॉक्टराले बलावतो," तो म्हणाला. "लाडू बंद."

रत्नमालेने पिशवीतली अर्धी मूठ भुकटी ओल्या कोंड्यात कालवली आणि टोपलं बिजलीच्या तोंडाशी धरलं. बिजलीने नाक मुरडलं. रत्नमाला हलली नाही. हात भरून आले, तरी हलली नाही. शेवटी बिजलीने एक घास घेतला, मग दुसरा.

"बाबा. आई बी आयक." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. त्यात स्पर्धेतलं काही नव्हतं. "पाय बरे होईपर्यंत वरात बंद. बरे झाले का पुढच्या वरातीपासून दोरी मी धरनार."

"पोरगी? वरातीत?" शांताबाई म्हणाली.

"मी धरनार. तोंडाले मुसकं राहीन, मांडवात शिरायच्या आधीपासून. ज्याले चालन त्यानं घोडी न्यावं."

सुखदेवने मान वर केली नाही. "अन् मान? पाच घरचा मान मोडाचा काय? इतके लोक आपल्याले..."

तो बोलता बोलता थांबला. रत्नमाला त्याच्या अंगठ्याकडे पाहत होती. चिखलातूनही तिथे भाजल्याचा लाल डाग दिसत होता. त्याने अंगठा मुठीत घेतला.

तिने रिकामं टोपलं खाली ठेवलं.

"आनखी एक," ती म्हणाली. "च्या आपन घरूनच पिऊन निंगत जाऊ."