कोऱ्या मशीनवर

दिरांनी पुढे केलेला पेनड्राइव्ह तिने घेतलाच नाही. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला, नैवेद्य ठेवावा तसा.

"वहिनी, तयार पॅकेज आहे. तुम्ही फक्त सही करायची." सभेत टाळ्या घेणारा तोच घोळदार आवाज.

लिनक्स या मोफत संगणकप्रणालीचं जे वितरण त्यांचा गट काढत असे, त्यात शेवटची चाळणी तीच होती. नियम एकच, पण पात्यासारखा: घरी बनवून आणलेलं कुणाचंही चालायचं नाही. गिट या सामायिक कोठारात साठवलेला मूळ कोड घ्यायचा, दुसरं काहीही नसलेल्या कोऱ्या मशीनवर त्यातून प्रोग्रॅम नव्याने बांधायचा. जे पॅकेज निघेल त्यावरच तिची डिजिटल सही, आणि तेच लोकांच्या संगणकांत जाणार. नवी आवृत्ती आज संध्याकाळी निघत होती. तीत आपला छपाईचा प्रोग्रॅम आहे, असं गृहीत धरून दिरांनी उद्याचं भाषणही लिहून ठेवलं होतं.

तिने बांधणी सुरू केली. ओळींमागून ओळी पडद्यावरून वाहत गेल्या आणि मध्येच लाल होऊन थिजल्या.

"फुटलं."

"माझ्याकडे तर झक्कास चालतंय!"

"मग तुमचा संगणकच पाठवू का घरोघरी?"

दीर हसले. हसून वेळ मारून नेण्यात त्यांची हयात गेली होती. "अहो, एक किरकोळ दुरुस्ती केली होती. गिटमध्ये टाकायची राहिली असेल."

"आत्ता टाका. कुठली फाईल?"

"ते आता कुठं आठवतंय! नंतर तो कोड पुसूनच टाकला मी. पण पॅकेज आहे की!"

स्वतःचंच काम ज्याला पुन्हा करता येत नाही, त्याचा तिरस्कार तरी कसा करावा? तिरस्कारालाही समोर थोडी उंची लागते. इथे नुसता सपाट माळ, आणि त्यावर वाऱ्याने भिरभिरणारं एक मोठं नाव.

"घरचाच माणूस ना मी, वहिनी?"

"म्हणून तर इतकं बोलले. बाहेरच्याला एका ओळीत वाटेला लावते."

तिने यादीतून त्यांचं पॅकेज वगळलं.

"उद्या लोकांना काय सांगू?"

"खरं सांगा. सुरुवातीला जड जातं."

पेनड्राइव्ह खिशात टाकून ते बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याकडे गेले. "काय करणार, दादा," दारापलीकडून तोच घोळदार आवाज आला, "वहिनींचा सर्व्हरच बंद पडलाय."

"सर्व्हर चालू आहे, भाऊजी," तिने आतून मोठ्याने सांगितलं.