कमरुन्निसा उठताना

मित्रांनो, मी एक जुना उजेडाचा मेज आहे. सोलापुरातल्या एका चाळीत, मागच्या खोलीत उभा असतो. माझे पाय सागाचे, वर दुधी काच आणि पोटात ट्यूबलाइट. काचेच्या कडेला दोन पितळी खुंट्या आहेत. भोके पाडलेला कागद त्यांना अडकवला की तो केसभरही सरकत नाही. खालच्या कागदावरचे चित्र वरच्या कागदातून दिसते आणि त्याहून जरासे निराळे चित्र काढता येते. अशी बारा चित्रे भराभर पालटली की एका सेकंदाची हालचाल होते.

माझे मालक बंदेनवाजभाई थिएटरात दाखवायच्या जाहिराती काढत. त्यांनी किटल्या नाचवल्या, बकऱ्यांना कुंपणावरून उड्या मारायला लावल्या. लोक टाळ्या वाजवत. पुढे ही कामे कॉम्प्युटरवर गेली आणि माझ्यावर आधी इस्त्रीचे कपडे, मग कांद्याची पाटी आली. वर्षानुवर्षे मी अंधारात होतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको कमरुन्निसा वारली. तिचे फोटो होते, पण सगळे ताठ बसलेले. मोबाइल समोर धरला की ती तोंडावर ओढणी घ्यायची. एके दिवशी भाईंनी कांदे खाली ठेवले, माझी काच पुसली आणि स्वतःशीच म्हणाले, "चटईवरून कशी उठायची ती, तेच आता डोळ्यापुढे येईना."

आठवडाभर ते चित्रे काढत होते. शेजारचे सिद्धप्पा बघायला आले. भाईंनी कागद फडफडवले.

"भाई, ही वहिनी हाय का पतंग? कुणी दोरी वढल्यागत वर आली की!"

"तिचं गुडघ्याचं दुखणं कशाला काढू? लई सोसलं तिनं."

"मग ही आमची वहिनी न्हाय. ती आदी पुढं वाकायची, जमिनीला हात टेकायची, तुमाला एक शिवी हासडायची, मगच उठायची."

भाई हसले. मग त्यांनी कोरे कागद घेतले.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून काढले. उठण्याआधी तिला खाली वाकवले. सारा भार तळहातावर दिला. जिथे दुखायचे तिथे एका चित्रातून दुसऱ्यात अगदी थोडाच फरक ठेवला, म्हणजे ती हळू हलेल. ती उभी राहिल्यावर ओढणीचे टोक मागाहून येऊन थांबले. एकूण अठ्ठेचाळीस चित्रे, चार सेकंद.

भाईंनी गठ्ठा एका हातात धरला आणि अंगठ्याने पाने सोडायला सुरुवात केली. ती वाकली, तिने हात टेकला, तोंड वाकडे केले. तेवढ्यात भाईंच्या हातातून गठ्ठा सुटला. तिला उठवायला त्यांनी हात पुढे केला होता.

कागद खोलीभर झाले. भाईंनी ते एकेक करून गोळा केले आणि माझा दिवा मालवला. तो पुन्हा लागलेला नाही.

मित्रांनो, माझ्या काचेवरची धूळ कधीही पुसता येईल. तुमच्या घरातले माणूस जमिनीवरून उठताना आधी कुठे हात टेकते, ते मात्र आजच बघून घ्या. आणि जवळ असाल, तर तुमचा हात द्या.