चार कबरींची एक वात

आईला मी सांगितलं ते असं:

पाऊस होता. बारीक, पण थांबायचं नाव नाही. हेन्याची पेटी उजवीकडून दुसऱ्या खड्ड्यात उतरवली. माणसं थोडीच, पण प्रार्थनेला लागतात ती दहा भरली. तांबूस दाढीचे एक आजोबा होते. आपले कोणी नव्हते, तरी त्यांनी तीन फावडी माती टाकली, आणि फावडं दुसऱ्याच्या हातात न देता मातीत रोवून ठेवलं, जसं ठेवायचं असतं. मी शेवटपर्यंत उभी होते. निघताना गवत उपटून पाठीमागे टाकलं. हात धुतले.

आई खाटेवर पडून ऐकत होती. तिलाही तोच ताप होता.

"तीन टाकली?"

"हो, तीन."

"देव त्यांचं भलं करो," आई म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

•

झालं ते असं:

१९१८चा ऑक्टोबर, तापाची साथ. अमेरिकेतल्या आमच्या रिव्हिंग्टन स्ट्रीटवर कुठल्या ना कुठल्या दारातून रोज पेटी निघत होती. माझी बहीण हेन्या सतरा वर्षांची. माझ्याच कारखान्यात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून काजं करायची. सोमवारी काजं करत होती, गुरुवारी गेली.

आमच्या गावाहून आलेल्या लोकांचं मंडळ होतं, त्यांची गाडी आली. आत चार पेट्या. घरातून जाण्यासारखी मी एकटीच. गाडीवानाशेजारी बसले. दगडी रस्त्यावर पेट्या एकमेकींवर आपटत होत्या. हेन्याची कोणती, ते आवाजावरून ओळखायचा मी प्रयत्न करत होते.

पुलाच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या. मी खाली उतरले.

"पोरी, दोन मिनिटांत निघतोय हं."

"आलेच," मी म्हटलं.

आणि चालत राहिले. समोर बेकरी होती. आत ऊब होती. मी खसखशीचा पाव घेतला आणि खिडकीपाशी बसून खाल्ला. मग अजून एक खाल्ला. बाहेर लख्ख ऊन होतं. वेळ काढला आणि घरी गेले.

पाऊस मी का घातला, ठाऊक नाही. दफनाला पाऊस असावासं वाटलं.

•

कादिश, म्हणजे आम्हा ज्यूंची मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला घरात पुरुष नव्हता. आम्ही अमेरिकेच्या जहाजावर चढायच्या आधीच वडील वारले होते, भाऊ नाही.

आईकडे दोरा होता.

गावाकडे हे काम तिचं होतं. नववर्ष आणि उपासाचा दिवस यांच्यामध्ये बायका तिला बोलवायला यायच्या: डोब्रिश, चल, आमच्या माणसांना मोज. ती सुती दोऱ्याचा गुंडा घेऊन कबरीभोवती फिरायची, दोरा सोडत जायची, आतल्या माणसाशी बोलत जायची. कोणाला मूल झालं, कोणाचा खोकला जात नाही, वर जाऊन जरा आमच्यासाठी शब्द टाक. मग त्याच दोऱ्याच्या वाती. प्रत्येक पेड एकेकाच्या नावाचा. देवळात ती जाड मेणबत्ती उपासाचा पूर्ण दिवस जळायची.

अमेरिकेत तिला कोणी बोलावलं नाही. खालच्या मजल्यावरची झेल्डा मावशी हसायची, "अगं डोब्रिश, मेणबत्ती इथे दुकानात मिळते. आणि मेलेल्यांना मोजायचं काम इथे सरकार करतं."

"सरकार मोजतं," आई म्हणाली. "बोलत नाही."

वर्ष भरलं. आईने गुंडा एप्रनच्या खिशात टाकला.

"रास्या, उद्या सुट्टी घे. हेन्याची जागा तू मला दाखवायची आहेस."

•

ट्रॅममध्ये आई खिडकीपाशी बसली होती. पुलाच्या तोंडाशी मी डोळे मिटले.

आता सांगावं. आता. गाडीतून उतरल्यावर. फाटकापाशी.

फाटकापाशी गेर्शन नावाचा राखणदार होता. ओळ त्याने दाखवली. पुढचं त्याला माहीत नव्हतं.

"त्या तीन आठवड्यांचं काही विचारू नका, बाई. खणणारा स्वतःच गेला. लाकडाच्या पाट्या लावल्या होत्या, हिवाळ्यात बर्फाने मोडून नेल्या. हे चार बिननावाचे. एकाच गाडीतून आलेले. तुमच्यापैकी कोणी होतं का त्या दिवशी?"

"माझी ही मुलगी होती," आई म्हणाली. "शेवटपर्यंत."

तो माझ्याकडे बघायला लागला. आई बघत नव्हती, ती दोऱ्याचं टोक शोधत होती.

चार उंचवटे. सारखे. गवतही सारखंच.

मी बोट दाखवलं. उजवीकडून दुसरा.

•

गुंडा माझ्या हातात, टोक आईच्या. ती एक पाऊल पुढे टाकायची, माझ्या बोटांत दोरा ओढला जायचा.

"हेन्या, मी आले गं. वर्ष लागलं. तेव्हा मला उठवतच नव्हतं, नाहीतर आले नसते का? पण रास्या होती. पाऊस पडत होता, तरी ती हलली नाही. दहा माणसं होती तुला. तांबूस दाढीचे एक आजोबा होते, ते तुला तिथे भेटले तर त्यांना माझा नमस्कार सांग, तीन फावडी टाकली त्यांनी, आपले कोणी नसताना..."

माझा एकेक शब्द तिने जपून ठेवला होता. आता ती ते सगळे त्या मातीला सांगत होती, आणि मातीखाली कोण होतं?

ती मध्येच थांबली.

"बारीक पाऊस होता म्हणालीस, नाही का?"

"हो."

तिने फेरी पुरी केली. पण दोरा तोडला नाही. तिसऱ्या उंचवट्याकडे गेली.

"आई, ही हेन्याची नव्हे."

"दोरा सोड. घट्ट धरू नकोस."

तिसरी झाली, चौथी झाली. प्रत्येकीशी ती बोलली. "तू कोण, मला माहीत नाही. बाई असशील, बाप्या असशील. तुझी आई दुसरीकडे कुठेतरी उभी राहून तुला हाक मारत असेल. ती माझ्या हेन्याशी बोलत असेल तर बरंच आहे."

पहिलीला दोरा पुरला नाही. एक बाजू उरली. आईने ती गुडघ्यांवर सरकत वितींनी मोजली. पाच विती आणि चार बोटं.

•

उपासाच्या आदल्या दुपारी स्वयंपाकघरात मेण वितळत होतं. आई पेड घालत होती. आधी आद्य पूर्वजांचे: हा अब्राहामबाबाचा, हा सारेचा, हा रिबेकेचा, राखेलीचा, लेयेचा. हा तुझ्या वडिलांचा.

"हेन्याचा तू घाल."

मी दोरा हातात घेतला.

"त्या दिवशी माझ्या गोधडीवर ऊन होतं," आई म्हणाली. तिचे हात चालूच होते. "दिवसभर. पायांवर जाणवत होतं. ताप होता गं मला. आंधळी नव्हते."

मी दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"या वातीत खोटं घालता येत नाही, रास्या. नाहीतर हे काढलं नसतं."

"मी पुलापाशी उतरले."

"मग कुठे गेलीस?"

"बेकरीत."

"खाल्लंस काही?"

"खसखशीचा पाव."

"एकच?"

"दोन."

आईने मान हलवली, जसं काही तिला नेमकं हेच माहीत करून घ्यायचं होतं. मग मेणाखालची आंच कमी केली.

"वर्षभर का बोलली नाहीस?" मी विचारलं. "ओरडायचंस. मारायचंस."

"तू सांगितलेलं दफन चांगलं होतं. दहा माणसं होती. ते आजोबा होते." तिने हातांवरचं मेण खरवडलं. "माझ्याकडे तेवढंच होतं. आता तेही नाही."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी हेन्याचा पेड घातला. तो कोणत्या कबरीवरून आलेला होता, कोण सांगणार? आई त्या पेडांना पीळ देत होती आणि मी दुसरं टोक धरून होते. मेणबत्ती जरा वाकडीच झाली. देवळात ती वाळूच्या डब्यात, दुकानातल्या सरळ, पांढऱ्या मेणबत्त्यांमध्ये उभी केली. बायकांच्या सज्जातून दिसत होती. आईने सज्जाच्या कठड्याला कपाळ टेकलं होतं.

•

दगड आम्ही कधीच बसवला नाही. कोणावर बसवणार? आई दर वर्षी चारही मोजायची. गुंडा मोठा आणायला लागली. त्या आजोबांचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. एकदाच, खूप वर्षांनी, बटाटे सोलताना म्हणाली, "दाढी तांबूस कशी सुचली गं तुला?"

"माहीत नाही."

"छान होती," ती म्हणाली.

•

आई १९३४च्या जानेवारीत गेली. जागा तीन ओळी सोडून मिळाली. जमीन गोठलेली होती, खणायला वेळ लागला. पाऊस नव्हता, बर्फही नव्हतं, नुसता वारा. माणसं आठच आली, दोघांना शेजारच्या दफनातून बोलावून आणलं. त्यांच्यात दाढी कोणालाच नव्हती.

सगळे गेले. मी उभी राहिले. पाय बधिर झाले तरी उभी राहिले.

गेर्शन आता म्हातारा झाला होता. तो किल्ल्या घेऊन आला आणि थोड्या अंतरावर थांबला.

"बाई," तो म्हणाला, "फाटक लावायचं आहे."

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग किल्ल्या खिशात टाकून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.