सांध्याची लांबी

माझ्या नवऱ्यात एक मोठा दोष आहे. तो सांगितलेलं ऐकतो. न ऐकणारे नवरे परवडले, त्यांच्यावर आपण निदान लक्ष तरी ठेवतो.

शॉवरखाली भिंत आणि फरशीच्या सांध्यातलं सिलिकॉन काळं पडून सुटत आलं होतं. पाणी आत मुरायचं आणि पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल यायची. ती खोली आईची. म्हणजे व्हावी, अशी आमची धडपड. एकटी राहताना ती घसरून पडली, तेव्हापासून मी मागे लागले होते की आता कायमची इकडे ये. ती यायची, चार दिवस राहायची, 'ओलीच्या वासाने झोप नाही गं लागत' म्हणायची आणि बॅग भरायची. खरं कारण मला ठाऊक होतं. तिला आमच्यावर भार व्हायचं नव्हतं. पण भिंत ओली होती तोवर तिला आयतं निमित्त मिळत होतं.

आई येणार त्या सकाळी मी ऑफिसातून नवऱ्याला मेसेज केला, 'सांध्याची लांबी घेऊन ठेव.' सिलिकॉनच्या नळ्या किती लागतील ते दुकानात सांगता यावं, एवढाच हेतू. पण नवरा पडला रंगाऱ्याचा मुलगा. त्याच्या घरी लांबी मोजत नसत, भरत. रंग देण्याआधी भिंतीच्या भेगांत लिंपतात, ती पांढरी लांबी. त्याने डबाभर आणली आणि जुन्या सिलिकॉनवरच अशी गुळगुळीत लिंपली की बघत राहावं.

संध्याकाळी आईला घेऊन घरी आले. ती पाय धुवायला गेली आणि आतून हाक आली, "जावईबापू, जरा येता का? तुमची भिंत माझ्या पायावर आलीय."

सांध्यातून पांढरा लगदा ओघळत होता. माझं डोकं फिरलं. "तुला लांबी घ्यायला सांगितली होती ना?"

"घेतली की. अख्खा डबा घेतला."

"मापाची लांबी रे. टेप लावून घेतात ती."

आणखी बरंच बोलणार होते, पण आई स्टुलावर बसून हसत सुटली होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पडल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

नवरा धावत जाऊन सिलिकॉन घेऊन आला, तरी आई स्टुलावरून हलेना. चष्मा लावून तिने नळीवरच्या सूचना मोठ्याने वाचायला घेतल्या. "जुनं सगळं काढायचं, असं लिहिलंय. सगळं म्हणजे सगळं."

नवरा पात्याने खरवडायला लागला. एका ठिकाणी टोक हाती लागलं आणि जुनं सिलिकॉन लांबच लांब सुटून आलं, तेव्हा त्याला आणि आईला लहान मुलांसारखा आनंद झाला. मी सांधा पुसला, केस वाळवायच्या ड्रायरने कोरडा केला, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली. नवऱ्याने सिलिकॉन भरलं, ओल्या बोटाने दाबलं आणि मग आपलीच कलाकुसर न्याहाळत बसला.

"अरे, बघत काय बसलास? सुकायच्या आत पट्टी ओढ," आई ओरडली.

ओरडली आणि तिने जीभ चावली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावयाशी तिचं अहोजाहो कधी सुटलं नव्हतं. "गेलं बाई तोंडातून," ती पुटपुटली.

"आधी कुठली ओढू?" नवऱ्याने विचारलं. कान लाल झाले होते आणि हसू आवरत नव्हतं.

"डावीकडची. हळू ओढ."

मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच ड्रायर पुन्हा चालू केला आणि दोघांची बोलणी खाल्ली.

रात्री जेवताना मात्र आई नुसती भाताशी चाळा करत होती. मला वाटलं, आता ही परतीचं काढणार. पण ती जावयाकडे वळली. "माझ्याकडच्या बाथरूमचंही असंच करून देशील का रे? भाड्याने घर बघायला आलेले लोक आधी बाथरूम बघतात म्हणे."

"कुठलं घर भाड्याने?" मी विचारलं.

"माझंच. मी इथे राहणार, मग ते रिकामं ठेवून काय करू?"