चौथं टिच

नानांनी काढलेले स्क्रू अकरा, परत बसवलेले स्क्रू अकरा. पंखा एक, वायरी सहा, पत्र्याचं झाकण एक. टेबलावर उरलं होतं ते फक्त धुळीचं भेंडोळं, चांगलं मांजराच्या पिल्लाएवढं. एखादा स्क्रू उरला असता तर निदान संशय घ्यायला जागा मिळाली असती. पण सगळं जिथल्या तिथं होतं, आणि तरीही कॉम्प्युटर चालू होऊन मिनिटाच्या आत मान टाकत होता.

दुरुस्तीचं कारण तसं किरकोळ. आतला पंखा घरघरायला लागला होता. माई म्हणाल्या, दुकानात द्या. नानांचं उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं. वीस मजले वर-खाली नेणारा माणूस घरात असताना चार बोटांच्या पंख्यासाठी दुकानदाराच्या पाया पडायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी पंखा आणि त्याखालचा, आतली उष्णता ओढून घेणारा जाड धातूचा ठोकळा काढला, जुन्या टूथब्रशने घासला, तेलाचा थेंब सोडला, ठोकळ्याखाली नवी पेस्ट लावली आणि सगळं पुन्हा बसवलं. घरघर गेली. तिच्याबरोबर कॉम्प्युटरही गेला.

आणि गेला तो नेमका आज. पोहण्याच्या क्लबची स्पर्धा उद्या सकाळी होती, आणि मुलांच्या जर्सीवर लावायचे सव्वीस बिल्ले माईंच्या भरतकामाच्या मशीनवर व्हायचे होते. ते मशीनही जुनं. नक्षी घ्यायचं ती फक्त या कॉम्प्युटरकडून, हातभर लांबीच्या जाड केबलमधून. नव्या कॉम्प्युटरला तसली केबल जोडताच येत नाही. क्लबच्या बाईंना माईंनी शब्द दिला होता, आणि माईंचा शब्द आजवर कधी खाली पडला नव्हता. त्या नुसत्या रिळं रंगाप्रमाणे लावत होत्या, आणि नानांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं.

गंमत अशी, की खिडकीजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर सुतासारखा सरळ चालायचा. उचलून मशीनशेजारच्या अरुंद कोनाड्यात ठेवला, की पंखा फिरायचा, पडदा उजळायचा आणि सगळं ठप्प. नानांनी त्याच्या तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला माईंनी तोंड उघडलं.

"माहेरी ठणठणीत, सासरी आलं की आजारी. असल्या मुली मी पाहिल्यात."

सून नुकतीच कॉलेजातून शिकवून आली होती. पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "माई, सासरी कुणी छळतंय का ते आधी बघायला हवं."

माई हसल्या, म्हणून नानाही हसले.

सुनेचा विषय पदार्थविज्ञान, आणि स्वभावही तसाच. तिने सांगितलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कोनाड्यातल्या प्लगवर इस्त्री लावली, ती तापली. टेबलाजवळच्या प्लगवरून लांब वायर ओढून कोनाड्यात वीज दिली, तरी कॉम्प्युटर बंद. म्हणजे प्लग निर्दोष सुटला. केबल काढून पाहिली, तीही सुटली. मग नाना म्हणाले, आता उरली ती जागा. जागेला काय भूत लागलंय की काय, असं पुटपुटत त्यांनी कॉम्प्युटर चौथ्यांदा टेबलावर आणला आणि सवयीने आडवा केला.

"थांबा नाना. इथेच ठेवा, पण उभा."

उभा केला. कॉम्प्युटर चालू होतानाच उघडता येणारं सेटिंगचं पान उघडून तिने आतलं तापमान पडद्यावर आणलं. साठ. अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याण्णव. पडदा काळा. थोडं निवू दिलं, आडवा केला, पुन्हा लावला: बेचाळीस, आणि तिथेच स्थिर.

माईंनी तात्काळ निकाल दिला, की तो म्हातारा झालाय, त्याला आडवं पडू द्या. पण आडवा तो कोनाड्यात मावत नव्हता, जमिनीवर ठेवावा तर तिथे माईंचे पाय, आणि केबल काही टेबलापर्यंत पोचणारी नव्हती.

नानांना मात्र आपलंच एक वाक्य आठवलं. कामावर असताना हाताखालच्या प्रत्येकाला त्यांनी एकच गोष्ट घोकवली होती: लिफ्ट तपासायची ती लटकत असताना, जमिनीवर ठेवलेली कुठलीही लिफ्ट उत्तम असते. आणि स्वतः मात्र सगळं आडवं ठेवून तपासत बसले होते. कॉम्प्युटर उभा राहिला की आत लटकतं काय? तो जाड ठोकळा.

त्यांनी झाकण काढलं, कॉम्प्युटर उभाच ठेवून बाजूने टॉर्च मारला. ठोकळ्याच्या एका कोपऱ्याखालून उजेडाची बारीक रेघ पलीकडे गेली. ठोकळ्याला चार पाय. तीन रुतलेले, चौथा नुसता टेकलेला.

"पण मी चारही दाबले," नाना म्हणाले. "पाय बसला की टिच वाजतं. चार वेळा वाजलं, मी कानाने ऐकलं."

"कधी बसवत होतात?" माईंनी विचारलं.

"सकाळी. तू नव्हतीस का समोर, ती झबली घेऊन..."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. सकाळी माई समोर बसून झबल्यांना टिचबटणं लावत होत्या, आणि प्रत्येक बटण लावून, उघडून, पुन्हा लावून बघत होत्या.

"अहो, तुमची तीनच," माई म्हणाल्या. "चौथं टिच माझं होतं."

सून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. नाना म्हणाले, संसारात आजवर शेवटचा शब्द हिचा असायचा, आता आवाजही हिचाच. मग त्यांनी माईंना हात गुडघ्यावर ठेवायला लावले, खोलीत चिडीचूप केलं आणि चौथा पाय अंगठ्याने दाबला. टिच.

भरतकामाचं मशीन खडखडायला लागलं. पहिल्या बिल्ल्यावरचा निळा मासा शेपटीकडून उगवत गेला. दिवेलागणीला सव्विसावा बिल्ला निघाला, तेव्हा सुनेने मशीन थांबवून, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला आणि तापमानाचं ते पान उघडलं.

कॉम्प्युटर कोनाड्यात, उभा, झाकण लावलेला. तापमान त्रेचाळीस अंश.